शांत राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत आपण भावाबद्दल बोलतो, कर्जाबद्दल बोलतो, विजेबद्दल बोलतो. आज मी मनाबद्दल बोलणार आहे. कुणी म्हणेल, हा विषय कीर्तनकाराचा. आंदोलनाच्या मांडवात त्याचे काय काम? काम आहे. बाजारात भाव पडला की तो आधी पट्टीवर पडतो. पट्टीवरून तो घरात येतो आणि घरातून माणसाच्या डोक्यात शिरतो. पट्टीवरचा तोटा कागदावर मांडता येतो. डोक्यात शिरलेला तोटा कुठे मांडायचा?

१९ मार्च १९८६ हा दिवस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी त्या दिवशी बायको आणि लेकरांसह आपले आयुष्य संपवले. २०१७ पासून दर वर्षी १९ मार्चला गावोगावचे लोक एक दिवस अन्नत्याग करतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. त्यानंतर किती घरांचे दिवे विझले, ते मी इथे मोजत बसत नाही. प्रत्येक तालुक्याला आपापले आकडे माहीत आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. धोरण बदलायला वर्षे लागतात. पावसाळा चार महिन्यांनी येतो आणि बँकेची नोटीस उद्या येते. मग धोरण बदलेपर्यंत माणूस उभा राहायचा कसा?

सोसणे आणि समत्व

आपल्याला लहानपणापासून एक उत्तर शिकवले आहे. ते म्हणजे, सोसा. भाव पडला, सोसा. गारपीट झाली, सोसा. हप्ता थकला, सोसा. वर गीतेचा दाखला असतोच. कर्म करा, फळाची आशा धरू नका. सांगणाऱ्याचा पगार मात्र एक तारखेला जमा होतो. त्याने कधी फळाची आशा सोडल्याचे मी ऐकले नाही! कर्म शेतकऱ्याने करायचे आणि फळ दुसऱ्याने खायचे, असा गीतेचा अर्थ असेल तर तो अर्थ लावणाऱ्याच्या सोयीचा आहे.

गीता कुठे सांगितली ते आठवा. ती देवळात सांगितली नाही, आश्रमात सांगितली नाही. रणांगणावर सांगितली. समोर सैन्य उभे, अर्जुनाचे हातपाय गळालेले. अशा वेळी त्याला समत्वाची गोष्ट सांगितली. आणि ती सांगून झाल्यावर अर्जुनाने काय केले? शस्त्र टाकून तो घरी गेला काय? तो उठला आणि लढला. म्हणजे मन शांत करायचे ते लढाई सोडण्यासाठी नव्हे, लढताना हात थरथरू नये म्हणून.

हे काही माझेच डोके नाही. १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. बोलणारा कैदी, लिहून घेणारा कैदी, ऐकणारेही सत्याग्रह करून आत आलेले. सोसायला शिकवायचे असते तर त्यांना तुरुंगात जायची गरजच नव्हती. ज्याने सरकारशी भांडण घेतले आहे, त्यालाच शांत मनाची खरी गरज पडते.

तीन वाटे

समत्व हा शब्द मोठा आहे. आपण त्याला वावरात आणू. खळ्यावर धान्याचे वाटे पाडतो तसे आपल्यावर आलेल्या संकटाचे तीन वाटे पाडायचे. एक वाटा आभाळाचा, एक वाटा सरकारचा आणि एक वाटा आपला.

पाऊस आला नाही, हा आभाळाचा वाटा. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिला आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उभ्या पिकांवर गारांचा मारा झाला, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आभाळाशी भांडता येत नाही. तिथे रागाचा उपयोग नाही आणि स्वतःला दोष देण्याचाही नाही. "माझंच नशीब फुटकं" म्हणू नका. गारा पडल्या त्या सातबाऱ्यावरचे नाव वाचून पडल्या नाहीत. पंचनामा करून घ्या, विम्याची सूचना वेळेत द्या आणि पुढच्या पेरणीचा विचार करा.

आता दुसरा वाटा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ती ४ मे २०२४ ला उठवली आणि तीही किमान निर्यातमूल्य व शुल्काची अट घालून. शेवटचे शुल्क निघाले ते १ एप्रिल २०२५ ला. हे काही आभाळातून पडले नाही. कुणीतरी टेबलावर बसून सही केली, म्हणून भाव पडला. हा वाटा नशिबाच्या खात्यात टाकायचा नाही. २०१८ साली ओईसीडी आणि इक्रियर या संस्थांनी मिळून भारताच्या शेती धोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१६ या वर्षांचा हिशोब त्यांनी मांडला. निष्कर्ष असा की भारतीय शेतकऱ्याला सरकारच्या धोरणांमुळे मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के होता. उणे! दिले कमी आणि काढून घेतले जास्त. उणे सबसिडी हा शब्द शरद जोशींच्या तोंडून आपण किती तरी आधी ऐकला होता. या वाट्यावर शांतपणे सोसणे हा धर्म नव्हे. इथे लढायचे, आणि शांत डोक्याने लढायचे.

तिसरा वाटा आपला. कोणते पीक घ्यायचे, किती खर्च करायचा, कुणाकडून उसने घ्यायचे, माल कधी काढायचा, सही कुठे करायची. हा वाटा लहान आहे. पण तोच आपल्या हातात आहे.

ताण येतो कसा, ते पाहा. वाट्यांची सरमिसळ झाली की ताण येतो. सरकारचा वाटा माणूस स्वतःच्या डोक्यावर घेतो. भाव पडतो दिल्लीच्या सहीने आणि हा म्हणतो, "मी नालायक निघालो, मला घर चालवता आलं नाही." तोटा पिकात झालेला असतो आणि याला वाटते अब्रूत झाला. समत्वाची माझी व्याख्या एवढीच आहे. पट्टीवरचा आकडा पट्टीवरच ठेवायचा, तो माणसाच्या किमतीचा आकडा होऊ द्यायचा नाही.

रोटाव्हेटर दोन प्रकारचा

शांत डोक्याने काय फरक पडतो, ते हिशोबाने पाहू.

समजा, एकरभर कांदा काढणीला आला आहे. आतापर्यंत ५० हजार रुपये खर्च झाला. ६० क्विंटल माल निघेल. बाजारात क्विंटलला २०० रुपये मिळत आहेत. काढणी, काटणी, बारदान, गाडीभाडे, हमाली, तोलाई मिळून आणखी १५ हजार लागणार आहेत. माल नेला तर हाती येणार १२ हजार, खर्च १५ हजार. म्हणजे नेण्यापायीच ३ हजार खिशातून जाणार. अशा वेळी रोटाव्हेटर फिरवून पुढच्या पिकाला रान मोकळे करणे हा शहाणपणाचा निर्णय आहे.

आता भाव ४०० समजा. माल नेला तर २४ हजार येतील, १५ हजार जातील, ९ हजार हाती राहतील. झालेला ५० हजारांचा खर्च काही निघत नाही. संताप येतो. संतापाच्या भरात रोटाव्हेटर फिरवला, तर ९ हजारांवर आपणच पाणी सोडले. ५० हजार दोन्ही हिशोबांत गेलेलेच आहेत. ते परत येणार नाहीत. विचार करायचा तो पुढे लागणाऱ्या पैशाचा आणि पुढे मिळणाऱ्या पैशाचा.

म्हणजे काम एकच, रोटाव्हेटर फिरवण्याचे. एकदा ते हिशोबाने होते, एकदा रागाने होते. बाहेरून फरक दिसत नाही. फरक डोक्यात असतो आणि नंतर तो खिशात दिसतो.

डोके चालत नाही याचे कारण

अडचणीच्या दिवसांत माणसाचे डोके चालत नाही, असे आपण म्हणतो. हे नुसते बोलणे नाही, ते तपासलेले आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना काही कोडी सोडवायला दिली. एकदा उसाचे पैसे हाती येण्यापूर्वी, ओढाताणीच्या दिवसांत, आणि एकदा पैसे आल्यानंतर. माणसे तीच. पैसे येण्यापूर्वी त्यांना कोडी कमी सुटली, पैसे आल्यावर जास्त सुटली. डोके तेच होते. फक्त अर्धे डोके देण्याघेण्याच्या चिंतेत गुंतलेले होते.

आपल्याला शहरातले लोक म्हणतात, शेतकऱ्याला हिशोब कळत नाही. त्यांना सांगा, शेतकऱ्याला हिशोब चांगला कळतो. एकाच वेळी सोसायटीचा हप्ता, कृषी सेवा केंद्राची उधारी, दवाखाना आणि पोरीचे लग्न हे चार हिशोब डोक्यात चालू असले, की पाचव्याला जागा राहत नाही. कुणाचेच डोके त्यात चालणार नाही, साहेबाचेही नाही.

यातून घेण्यासारखी गोष्ट एक. ज्या दिवशी भाव कोसळला, नोटीस आली किंवा गारा पडल्या, त्या दिवशी मोठा निर्णय घ्यायचा नाही. जमिनीचा व्यवहार नाही, सावकाराच्या कागदावर सही नाही, बैल किंवा गाय विकणे नाही. दोन रात्री जाऊ द्या. निर्णय एकट्याने घेऊ नका. तुमचे डोके गुंतलेले असेल, पण शेजाऱ्याचे तुमच्या प्रश्नात गुंतलेले नसते. त्याला जे दिसते ते तुम्हाला त्या दिवशी दिसत नाही.

आणि छातीत धडधड होऊ लागली, हात कापू लागले, तर बसा. श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. असे दहा-पंधरा वेळा करा. यात अध्यात्म नाही. लांब श्वास सोडला की हृदयाची गती उतरते, हा शरीराचा धर्म आहे. त्याने कर्ज फिटत नाही. पण समोरच्या कागदावर काय लिहिले आहे ते नीट वाचता येते.

घरातली पट्टी

आता मायबहिणींकडे वळतो. सोशिक बाई म्हणून तुमचे फार कौतुक होते. हे कौतुक घेऊ नका. बाजारात हरलेला माणूस घरी येतो आणि व्यापाऱ्यावरचा राग भाकरीवर काढतो, बायकोवर काढतो, लेकरांवर काढतो. ती गप्प बसते. लोक म्हणतात, शांत स्वभावाची आहे. ती शांती नव्हे. ते तोंड दाबून ठेवणे आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, ते हे दाबलेले तोंड उघडावे म्हणूनच. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. त्यामागचा विचार साधा होता. घाम दोघांचा आहे, तर हक्कही दोघांचा.

आज मी त्यात एक भर घालतो. हक्क दोघांचा तसा हिशोबही दोघांचा. कितीतरी घरांत कर्ज किती आहे ते बायकोला ठाऊक नसते. नवरा म्हणतो, तिला कशाला काळजी? त्याला वाटते तो ओझे एकट्याने उचलतो आहे. पण घरातल्या बाईला काळजी नसते काय? आकडा माहीत नसल्याने ती आकड्यापेक्षाही मोठी काळजी करते. भावांनो, या आठवड्यात एक दिवस रात्री जेवणानंतर सगळे कागद काढा. सोसायटीचे, बँकेचे, दुकानदाराचे, हातउसन्याचे. बायकोसमोर ठेवा, मोठ्या पोरासमोर ठेवा. एका वहीत लिहा. कुणाचे किती, व्याज किती, थांबेल कोण आणि थांबणार नाही कोण. अंधारातला दोर सापासारखा दिसतो. वहीत उतरलेले कर्ज मोठे असेलही, पण त्याला शेवटचा आकडा असतो. मनातल्या कर्जाला शेवटचा आकडा नसतो.

तुकोबांच्या चरित्रात गोष्ट सांगतात की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. घरातली माणसे गेली, व्यापार बुडाला, आणि त्यानंतर त्यांनी हे केले. पण लक्षात ठेवा, ते कागद येण्याचे होते, देण्याचे नव्हते. लोकांकडून येणे होते ते त्यांनी सोडले. आपल्याकडचे कागद देण्याचे आहेत. ते नदीत टाकले तरी बँकेत दुसरी प्रत असतेच! म्हणून आपले कागद बुडवून चालत नाही. ते वाचावे लागतात, मोजावे लागतात आणि सरकारसमोर मांडावे लागतात.

राग राखून ठेवा

राग वाईट नाही. राग नसलेला शेतकरी म्हणजे मेलेला शेतकरी. पण राग डिझेलसारखा आहे. इंजिनात घातला तर पाणी ओढतो, अंगणात सांडला तर घर पेटवतो.

नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला ३०० रुपये मिळावेत म्हणून लोक रस्त्यावर आणि रुळांवर बसले. हजारो तुरुंगात गेले. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीचे तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर तीन आठवड्यांहून जास्त काळ बसून राहिले. ६ एप्रिलला तिथे गोळीबार झाला, माणसे गेली. ही माणसे रागावलेली नव्हती काय? रागावलेली होती म्हणूनच घर सोडून आली होती. पण राग आवरून तीन आठवडे रस्त्यावर बसायला जी ताकद लागते, ती दगड मारायला लागत नाही. दगड मारायला एक क्षण पुरतो. आणि त्या एका दगडाची वाट दुसरी बाजू पाहत असते, कारण दगड आला की भावाचा प्रश्न मागे पडतो आणि कायदा-सुव्यवस्थेचा पुढे येतो.

फेब्रुवारी २०२३ मधली दोन रुपयांची गोष्ट तुम्ही ऐकली आहे. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती आला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. कुणीही तो कागद तिथेच फाडून फेकला असता. फेकला असता, तर ती एका माणसाची हकिगत राहिली असती. कागद जपला म्हणून साऱ्या देशाने तो पाहिला, आणि कांद्याच्या भावावर बोलायला भाग पडलेल्यांना तो खोडता आला नाही. शंभर भाषणांनी झाले नसते ते त्या कागदाने केले. म्हणून सांगतो, पट्टी फाडू नका. उलटी पट्टी आली असेल तर ती अधिकच जपून ठेवा. तो आपला दारूगोळा आहे.

गावात जाऊन करायचे काम

शेवटचे आणि सगळ्यांत महत्त्वाचे. शांत राहणे हे एकट्याचे काम नाही. बुडत्या माणसाला "शांत राहा" असे काठावरून सांगून उपयोग नसतो. हात द्यावा लागतो.

प्रत्येक गावशाखेने यादी करावी. निधी गोळा करण्याची नव्हे, माणसांची. पारावर यायचा आणि आता येत नाही तो कोण? जेवण तुटले, झोप उडाली, बोलणे बंद झाले असा कोण? आवराआवर केल्यासारखे निरवानिरवीचे बोलतो तो कोण? त्याच्या घरी जा. उपदेश करू नका, कर्जाचा विषयही आधी काढू नका. बसा, चहा प्या, त्याला बोलू द्या. शंका आली तर सरळ विचारा, "भाऊ, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. विचारल्याने माणसाचे ओझे हलके होते. त्याने हो म्हटले तर त्याला एकटे सोडू नका. घरातल्यांना सांगा, फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवा, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. आपण सरकारशी भांडतो म्हणून सरकारची सेवा घ्यायची नाही असे नाही. ती आपल्याच करातून चालते.

कार्यकर्त्यांनो, तुमच्यासाठी एक शब्द. रात्रंदिवस दुसऱ्यांची दुखणी ऐकता, तुमचेही रान कर्जात आहे. तुमचेही नाव कुणाच्या तरी यादीत असू द्या.

भावांनो, मायबहिणींनो, आपण भीक मागत नाही, घामाचे दाम मागतो. ते मिळायला वेळ लागेल. ज्या दिवशी मिळतील त्या दिवशी ते घ्यायला आपल्यातला प्रत्येक माणूस हजर पाहिजे. एकही कमी चालणार नाही. आभाळाचे आभाळाला द्या, सरकारचे सरकारकडून वसूल करा आणि आपल्या वाट्याचे तेवढे शांतपणे करा.

घरी गेल्यावर आधी ती वही काढा.